पुढची सीट

अपघातातली गाडी ह्यांनी स्वस्तात घेतली आणि इथे कतारमध्ये, अल वक्र्यात, घरासमोरच, दोन महिने खपून उभी केली. फुटलेली एअरबॅग तेवढी नवी आणली नाही. पुढच्या सीटसमोरचं डॅशबोर्डचं भगदाड मी रेक्झिन शिवून झाकलं. माझा टाका बारीक, कुणाला कळायचं नाही.

गाडी आणली तेव्हा पुढची सीट झाडताना बांगडीची काच सापडली होती.

आज चाकाखाली लिंबू ठेवून पूजा केली. ईरा धावत येऊन पुढे बसली.

"मागे बस."

"नो आई, आय वॉन्ट फ्रंट!"

"अहो, एअरबॅग कधी बसवणार?"

"इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. लिंबू ठेवलंय ना?"

ईराला हाताला धरून मागे बसवलं. पुढे मी बसले. समोर माझेच टाके होते, अगदी सरळ.