गनीची खुर्ची, माझी देग

आमच्या गनीला कोणीतरी सांगा, सलाम म्हणजे काही शेंगदाणे नव्हेत, मूठमूठ वाटत फिरायला.

गनी माझा धाकटा दीर. दुबईत खाडीच्या एका बाजूला देऱ्यात कापडाचं दुकान, दुसऱ्या बाजूला बरदुबईला गोदाम, दोन लाँचींत हिस्सा. एरवी समोरून ओळखीचा माणूस आला की हा हातातल्या घड्याळात बघायचा. आणि आता जो भेटेल त्याला, "अस्सलामु अलैकुम! आई कशी आहे? गुडघा बरा आहे का तिचा?" परवा पाणी घालणाऱ्या बलुची म्हाताऱ्यालाही विचारलं. तो सत्तरीचा. आई कधीच अल्लाला प्यारी झालेली. बिचारा हंडा खाली ठेवून रडायला लागला.

गनीची बायको अन्वरी माझ्याकडे येऊन म्हणाली, "भाबी, माझ्या आईचा गुडघा खरंच दुखतो. मला नाही हो विचारलं यांनी."

"इलेक्शनात तुला मत नाही," मी म्हटलं.

हे सगळं त्या ट्रान्झिस्टरनं केलं. ऑगस्टात रेडिओवर इंडियाच्या प्रेसिडेंटच्या निवडणुकीची बातमी आली. पार्टीनं उभा केलेला माणूस पार्टीच्याच लोकांनी पाडला म्हणे. आमची कोकणी माणसं ती बातमी ऐकून अशी खूश, जशी घरी सुरमई आली. त्याच सुमारास आमच्या जमातीचे प्रेसिडेंट मोहिद्दीनचाचा कायमचे बाणकोटला गेले. इतकी वर्षं चार म्हातारे चहा पिऊन प्रेसिडेंट ठरवायचे. आता सगळे म्हणाले, इलेक्शन पाहिजे.

जमातीजवळ आहे काय? एक खोली. माझ्या खानावळीला लागून. लाँचमधून नवीन माणूस उतरला, ना ओळख ना काम, तर तो त्या खोलीत चटई टाकतो. काम मिळेपर्यंत भाडं नाही. चाचा जाताना किल्ली माझ्या हातात देऊन गेले, "मैमुनाबी, नवा प्रेसिडेंट होईल त्याला द्या." तेव्हा खोलीत शौकत होता, दाभोळचा पोरगेला गडी. लाँचवरून उतरला तोच तापानं फणफणलेला. माझ्या पेजेवर जेमतेम उभा राहिलेला.

गनी उभा राहिला. मी विचारलं, "जिंकून करणार काय?"

"ऑफिस, भाबी! खोलीत टेबल, फिरणारी खुर्ची, टेलिफोन. तीनशे रियालची खुर्ची बघून ठेवलीये, आपले पावणेपाचशे रुपये समजा. इंडियातून कोणी मोठा माणूस आला तर त्याला काय चटईवर बसवायचं?"

"आणि शौकत?"

"त्याचं बघू. इन्शाल्ला."

गनीचं इन्शाल्ला मी ओळखते. ज्या कामाला तो हात लावणार नसतो, ते तो अल्लावर टाकतो.

त्याच्यासमोर उभा राहिला बदरुद्दीन. त्याच्याकडे पैसा नाही, धंदा नाही, पण सगळ्यांचा लाडका. कस्टमच्या साहेबाची नक्कल करतो, कॅरममध्ये राणी घेतली की शिट्टी मारतो, कोणाचंही लग्न असो, नाचायला पहिला. त्याला विचारलं, खोलीचं काय करशील?

"क्लब! दोन कॅरम, एक पंखा."

"आणि शौकत?"

"तोही खेळेल की!"

"झोपेल कुठे? बोर्डावर?"

तो हसला. बदरुद्दीनला कुठलाही प्रश्न विचारा, हसतो. लोकांना वाटतं उत्तर मिळालं.

मग पार्ट्या झाल्या. देरावाले गनीचे, बरदुबईवाले बदरुद्दीनचे. आता गंमत बघा, बदरुद्दीन राहतो देऱ्यात आणि गनीचे सगळे नोकर बरदुबईला. देरावाल्यांचा पुढारी इद्रीस दुपारी गनीकडे मटण खायचा आणि संध्याकाळी अब्र्याच्या होडीत बसून खाडीपलीकडे बरदुबईवाल्यांत बदरुद्दीनचा कॅरम बघायला जायचा. मी म्हटलं, "इद्रीस, तुझी पार्टी कुठली रे?" तर म्हणतो, "भाबी, मी देराचाच. पण मन मोकळं ठेवलंय." मन मोकळं आणि पोट भरलेलं. अशी ती पार्टी.

आमच्याकडे मत घ्यायची जुनी रीत आहे. सगळ्यांना लिहिता येत नाही आणि तोंडावर हात वर करायला लाज वाटते. म्हणून दारात प्रत्येकाला एक खजूर देतात. तो खायचा आणि पडद्याआड ठेवलेल्या दोन मडक्यांपैकी एकात बी टाकायची. एक माणूस, एक खजूर, एक बी.

मत शुक्रवारी, असरच्या नमाजानंतर, माझ्याच अंगणात. जेवण गनीकडून. मटणाची देग मी चढवली. तेवढ्यावर गप्प बसेल तो गनी कसला? सकाळीच त्यानं ताज्या खजुरांच्या टोपल्या पाठवल्या, अल-ऐनच्या, मधासारख्या. "येईल त्याला खाऊ दे भाबी, पोटभर!"

मी म्हटलं, "गनी, आज खजूर नको वाटू."

"भाबी, तुम्ही फक्त मिठाकडे बघा."

बरं बाबा. मी मिठाकडे बघितलं.

दुपारपासून सगळे खजूर खातायत. बी कोण टाकून देणार? प्रत्येकाचा खिसा फुगलेला. असरनंतर एकेक जण पडद्याआड जायचा आणि आतून आवाज यायचा जसा पत्र्यावर पाऊस. शेवटी इद्रीसनं मडकी बाहेर आणली तर दोन्ही काठोकाठ भरलेली, वर बियांचे डोंगर. आख्ख्या दुबईत कोकणी माणसं नसतील एवढी मतं!

गनी म्हणाला, "मोजा! माझ्या मडक्यात जास्त आहेत."

बदरुद्दीन म्हणाला, "खजूर तुझे, गनीशेठ, पण चावले आम्ही."

मग जी बोंबाबोंब झाली! देरावाले म्हणाले, बरदुबईवाले चोर. बरदुबईवाल्यांतले निम्मे म्हणाले, हो, खरं आहे. शेवटी आमच्यातले सगळ्यांत वडील अजीजचाचा, त्यांनी काठी आपटली. "खलास! उभं राहून मत. गनी या भिंतीला, बदरुद्दीन त्या भिंतीला. ज्याला जो पाहिजे त्याच्या मागे जा."

दोघं भिंतींना गेले. मध्ये विटांवर माझी देग, देगीशी पळी घेऊन मी. देग मी मुद्दाम मध्ये ठेवली असं गनी अजून म्हणतो. सावली तिथेच होती, बाकी मला माहीत नाही.

कोणी हलेना. गनीच्या मागे जावं तर सगळ्यांना दिसतं की विकला गेला. बदरुद्दीनच्या मागे जावं तर उद्या गनीच्या दुकानात उधारी बंद. सगळे आपापल्या चपला बघतायत.

तेवढ्यात खोलीचं दार उघडून शौकत बाहेर आला. अंगावर चादर, हातात थाळी. सरळ देगीपाशी येऊन माझ्या मागे उभा राहिला.

अजीजचाचा म्हणाले, "अरे, जेवण मत झाल्यावर."

"चाचा, हेच माझं मत," शौकत म्हणाला. "हे जिंकले तर मी बाहेर, ते जिंकले तरी मी बाहेर. मग मी कोणाच्या मागे उभा राहू? भाबी मला बाहेर काढत नाहीत."

 मग गनीच्याच गोदामातला एक हमाल पुढे आला. तो खाली बघत म्हणाला, "मी पण ह्याच खोलीत होतो पहिल्यांदा." आणि शौकतच्या मागे उभा राहिला. मग दुसरा. मग इद्रीस, त्याचं मन तर मोकळंच होतं. थाळ्या वाजायला लागल्या, रांग पार गल्लीत गेली. शेवटी बदरुद्दीनही थाळी घेऊन रांगेत. गर्दी जिकडे, तिकडे बदरुद्दीन. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

अजीजचाचांनी रांग बघितली, दोन्ही भिंती बघितल्या. "किल्ली मैमुनाबीकडेच राहील," म्हणाले. "खोली जशी आहे तशी. प्रेसिडेंटचं पुढच्या वर्षी बघू. वाढा आता."

गनी मात्र भिंतीपाशीच उभा. सगळे जेवून गेले, तेव्हा आला माझ्याकडे. तोंड असं, जसं कोणी दुकान लुटलं.

"भाबी, घरच्याच माणसानं पाडलं मला. माझं मटण, माझे खजूर, आणि लोक तुमच्या मागे?"

मी पदर खोचला. "मटण तुझं होतं, म्हणून तर पोटभर वाढलं. आता ऐक. तू लाँचमधून उतरलास तेव्हा त्याच खोलीत ओकत पडला होतास, आणि तुझं डोकं मी धरलं होतं. तेव्हा तुला फिरणारी खुर्ची नको होती, दुनियाच फिरत होती. खुर्ची घेऊनच टाक, माझ्या अंगणात ठेव, बस ऐटीत, लोक तुला प्रेसिडेंट म्हणतील, मीही म्हणेन. पण खोलीत चटईच राहील. तू माणूस वाईट नाहीस गनी, फक्त हिशेबात कच्चा आहेस. माणसं विकत घ्यायला गेलास आणि नुसत्या बिया घेऊन आलास. घरी जाऊन आधी अन्वरीच्या आईचा गुडघा विचार. आणि जायच्या आधी ही देग धरायला लाग, मला एकटीला उचलत नाही. यल्ला!"