कारण: विवाह

एकोणीसशे सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात भिंगारच्या छावणीत सगळ्यांत जास्त गर्दी होती ती घरी जाणाऱ्यांची. लढाई संपली होती. सरकारने ज्यांना बोलावून बोलावून गणवेश चढवला होता, त्यांना तो उतरवायलाही सरकारचीच परवानगी लागत होती. ती परवानगी एका बैठ्या कचेरीत मिळे, आणि कचेरीपुढच्या व्हरांड्यातल्या बाकांवर सुभेदारापासून कॅप्टनापर्यंत सगळे टोप्या मांडीवर घेऊन बसलेले असत.

प्रेमला आली तेव्हा बाकाच्या टोकाला एक मिशाळ सुभेदार बसला होता. तो सरकून उठला.

"बसा बाई. तुमी आमच्या आदी जावा. आमचं लई लांबडं हाय."

"का हो, काय अडलंय?"

"दात बघितले, गुडगं बघितलं. आता म्हनत्यात, सरकारी घोंगडं परत करा. घोंगडं ऱ्हायलं इटलीत. म्हनलं, जाऊन आनू का?"

बाकावरचे हसले. प्रेमलाही हसली. पुणतांब्याच्या या सुभेदाराला निदान काय हरवलं आहे ते ठाऊक होतं. प्रेमलाचं काय हरवलं आहे ते तिला अजून कळायचं होतं.

ती वॅकायमधली, म्हणजे सैन्याच्या महिला दलातली, लेफ्टनंटच्या बरोबरीची अधिकारी होती. छावणीचं टेलिफोन एक्स्चेंज तिच्या ताब्यात होतं. हाताखालच्या मुलींना तिचा धाक होता. कॉलची वेळ चुकीची लिहिली तर ती पान पुन्हा लिहायला लावी. आता एक्स्चेंज पुन्हा पुरुषांकडे जाणार होतं आणि वॅकायच्या मुलींना सोडत होते. त्याचं प्रेमलाला वाईट वाटलं नव्हतं, कारण पुढची सोय तिने पाहून ठेवली होती. पुण्याच्या टेलिफोन कचेरीत सुपरवायझरच्या जागा दलातून सुटलेल्या बायकांसाठी राखून ठेवल्या होत्या. सोमवारी तिची मुलाखत होती. बरोबर फक्त डिस्चार्जचे कागद न्यायचे होते.

आत हेडक्लार्क दत्तोपंत तिची वाटच पाहत होते. दत्तोपंत तिच्या वडिलांचे, विष्णुपंत मास्तरांचे, शाळेपासूनचे मित्र. तिची पहिली पाटी त्यांनीच आणली होती.

"ये, ये. सगळ्यांच्या आधी तुझं काम करून ठेवलंय," ते म्हणाले. "वॅकायच्या मोठ्या मेमसाहेबांची सहीसुद्धा झाली सकाळी. दुपारच्या डाकेने कागद पुण्याला गेले की तू मोकळी. ही तुझी प्रत."

तिने प्रत हातात घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. मग एका ओळीशी थांबली.

"काका, हे काय आहे?"

"काय?"

"नोकरी सोडण्याचं कारण. इथे विवाह लिहिलंय."

"बरोबर आहे की."

"माझा विवाह झाला?"

"अगं, होईल. सरकारला काय लग्नपत्रिका दाखवायचीय?"

ते गालात हसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "विष्णुपंतांनी सांगितलंय मला सगळं. संगमनेरचे रविकांत. वकील मुलगा, घराणं चांगलं. त्यांच्या वडिलांचं म्हणणं एवढंच की मुलीने लग्नासाठी आपणहून नोकरी सोडली असं सरकारी कागदावर दिसावं. बाकीच्यांबरोबर हिलाही काढून टाकली, असं नको. वॅकायच्या मुलींबद्दल लोक काय बोलतात, ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. माझ्या तोंडावर बोललेत."

रविकांतला तिने एकदाच पाहिलं होतं. चहाचा कप खाली ठेवून त्याने विचारलं होतं, "रात्रीचीसुद्धा ड्यूटी असायची का?" आणि उत्तरासाठी तिच्याकडे न बघता तिच्या वडिलांकडे बघितलं होतं. ते लोक गेल्यावर तिने नाही म्हणून सांगितलं होतं. वडील म्हणाले होते, "बघू."

"पण नोकरी सोडण्याच्या या अर्जावर माझी सही कशी?" तिने विचारलं आणि विचारता विचारताच तिला आठवलं.

दत्तोपंतांची एक पद्धत होती. साहेबलोकांचा वेळ मोडू नये म्हणून प्रत्येक कागदावर जिथे सही हवी तिथे ते शिसपेन्सिलीने फुली मारून ठेवत. साहेब फुल्या बघत आणि सह्या ठोकत. मागच्या रविवारी ते कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आले होते. "तुला कशाला रांगेत उभी करू?" म्हणाले होते. वडील शेजारी बसले होते, आईने पोहे आणले होते. एक्स्चेंजमध्ये न वाचता साधी पावतीही पुढे न सरकवणाऱ्या प्रेमलाने त्या दिवशी फुली दिसेल तिथे सही केली होती. घरी आलेल्या काकांसमोर कागद वाचत बसायचं म्हणजे जेवायला बसून वाढणाऱ्याचे हात हुंगण्यासारखं. ते तिला जमलं नव्हतं. आणि तिला ते जमणार नाही हे शेजारी बसलेल्या दोघांनाही ठाऊक होतं.

तिला आधी स्वतःचाच राग आला, मग काकांचा.

"पुण्याच्या जागांची नोटीस बाहेर फळ्यावर आहे, काका. लग्नासाठी आपणहून सोडलेल्यांचा विचार होणार नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. कोणी लावली ती नोटीस?"

"मीच लावली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

दत्तोपंतांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा चढवला.

"माहीत होतं, म्हणूनच तर," ते म्हणाले.

ते हे अगदी सरळपणे म्हणाले. प्रेमलाने टेबलावरची मूळ फाइल उचलली.

"फाइल ठेव, प्रेमल. तू आता ऑफिसर नाहीस."

"डाक जाईपर्यंत आहे."

"अगं, हळू बोल, लोक बघतायत. पुढच्या महिन्यात दुरुस्तीचा अर्ज कर, मी स्वतः पुढे घालीन."

"मुलाखत सोमवारी आहे. पुढच्या महिन्यात काय, जागा गेल्याचं पत्र दुरुस्त करू?" ती म्हणाली. "तुम्ही आत चला आणि मेमसाहेबांना सांगा की चूक झाली. एवढंच सांगा. मी बाकी काही बोलणार नाही."

"माझी चूक?" दत्तोपंतांचा चेहरा उतरला. "आजवर माझ्या नावावर एक तांबडी रेघ नाही. आणि चूक कसली यात? आपल्या घरातली गोष्ट साहेबापुढे न्यायची?"

"घरातली गोष्ट तुम्ही सरकारी कागदावर आणलीत."

"पेन्शनला दोन वर्षं राहिलीत माझी. दोनच वर्षं."

"माझी किती राहिलीत, ते कोणी विचारलं मला?"

हे ती मोठ्याने बोलली. व्हरांड्यातून दोन-तीन डोकी आत डोकावली. सुभेदार कोणाला तरी म्हणाला, "गप ऱ्हा. बाईंचं काय तरी लई मोटं हरपलंय."

दत्तोपंत उठून मेमसाहेबांच्या दारापर्यंत तिच्या मागे आले. "सही तुझी आहे, पोरी. काय सांगणार आहेस तू आत?"

ती आत गेली.

मोठ्या मेमसाहेब स्वतःही विलायतेला परत निघाल्या होत्या. खोलीत अर्धं सामान बांधलेलं होतं. त्यांनी फाइल उघडली, अर्ज पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, "ही सही तुझी?"

"माझी."

"मजकूर वाचला होतास?"

"नाही."

मेमसाहेबांनी मान वर केली. "तुझ्या एक्स्चेंजमधल्या मुलीने न वाचता सही केली असती, तर तू काय केलं असतंस?"

"शेरा मारला असता."

"मग?"

"मारा," प्रेमला म्हणाली.

"हे कागद तयार कोणी केले?"

दारात दत्तोपंत उभे होते. त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं. पाठ त्यांच्याकडे असूनही प्रेमलाला त्यांचा श्वास ऐकू आला. एक्स्चेंजच्या पहिल्या नोकरीचा अर्ज भरायला याच माणसाने तिला शिकवलं होतं. वडील नको म्हणत असताना हेच त्यांच्याशी भांडले होते. "शिकलेली मुलगी आहे, चार दिवस बाहेर पडू दे," असं म्हणाले होते. आता तिला त्यातले चार दिवस हे शब्द ऐकू आले. ते संपले, असं यांनी ठरवलं होतं.

"हेडक्लार्कनी केले," ती म्हणाली. "माझ्या वडिलांच्या सांगण्यावरून. मला न सांगता."

"लेखी दे."

ती तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहायला बसली. तिने दौतीत टाक दोनदा बुडवला. लिहिलं मात्र सरळ. कुठे 'कदाचित' नाही, 'गैरसमज' नाही. मेमसाहेबांनी ते वाचलं, जुना अर्ज आडवी रेघ मारून रद्द केला आणि दाराकडे बघून सांगितलं, नवे कागद डाकेच्या आधी तयार हवेत. अधिकाऱ्यावरचा शेरा त्यात घालावा. हेडक्लार्कने आपला खुलासा उद्या सकाळी द्यावा.

दत्तोपंत टाइपरायटरपुढे येऊन बसले. कोरा कागद त्यांनी चढवला तो वाकडा गेला, काढून पुन्हा चढवला. प्रेमला टेबलासमोर उभी राहिली. एव्हाना आत येऊन बसलेल्या सुभेदाराने बाकावर तिच्यासाठी जागा केली, पण ती बसली नाही. दत्तोपंतांची दया आली असती तर तिला स्वतःबद्दल बरं वाटलं असतं. ती आली नाही. घरी वडील कागदाची वाट बघत असतील, संगमनेरला तो कधी दाखवायला न्यायचा त्याचा मुहूर्तही काढला असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिथलं भांडण अजून व्हायचंच होतं.

नाव झालं. हुद्दा झाला. कारणाच्या जागी त्यांनी टाइप केलं: सेवेची आवश्यकता संपल्यामुळे. मग त्यांची बोटं थांबली.

"प्रेमल," ते अगदी हळू म्हणाले, "हा शेरा गाळतो मी. न वाचता सही केली, हा. पुण्याचे लोक बघतील, उगाच तुझं वाईट होईल. मेमसाहेब आता परत कुठे वाचतायत? त्यांना फुली दिसली की झालं. तेवढं अजून माझ्या हातात आहे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. तिचं भलंच करायचं होतं त्यांना, आत्ताही.

"तुमच्या हातात काहीही नाही, दत्तोपंत," प्रेमला म्हणाली.

जन्मात तिने त्यांना नावाने हाक मारली नव्हती. पाठीमागच्या टेबलावरच्या कारकुनाने उचललेला शिक्का तसाच वर धरला.

"टाइप करा," ती म्हणाली.

दत्तोपंतांच्या बोटांखाली शेऱ्याचं एकेक अक्षर उमटू लागलं.