खाणाऱ्याचं नाव

पनवेलच्या उरण नाक्यावर भामाच्या हातचा बांगडा खाल्ला नाही असा हमाल त्या काळी शोधून सापडला नसता. तांदळाच्या वखारीच्या भिंतीला पाठ लावून ती बसायची. पुढ्यात चूल, चुलीवर तवा आणि बाजूला केळीच्या पानाखाली झाकलेल्या भाकऱ्या. नवरा मिठागरात पाय कापल्याचं निमित्त होऊन धनुर्वाताने गेला, एकुलती लेक रोडपालीला दिली. तेव्हापासून भामाचा दिवस तव्यापाशी उगवायचा आणि तिथेच मावळायचा.

तिच्याकडे माणसं नुसती जेवायला येत नसत. मांडी घालून बसत, भाकरी मोडता मोडता कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाच्या शेतात खाडीचं पाणी शिरलं ते सांगत. तिलाही प्रत्येकाचं पोट ठाऊक होतं. ह्याला मिरची सोसत नाही, त्याला शेपटीकडचा तुकडा लागतो. वखारीवरचा काशीराम हमाल यायचा तो आधी तिच्या घागरीतलं पाणी ढसाढसा प्यायचा आणि मगच बसायचा.

त्या वर्षी वैशाखात विहिरी तळाला गेल्या आणि गावात ओकारी-जुलाब सुरू झाले. काशीराम दुपारी भामाकडे जेवून गेला, दिवेलागणीला आडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी संपला. भामाकडे जेवलेले आणखी दोघं आजारी पडले, ते वाचले. ज्यांनी जन्मात कधी मासळी खाल्ली नव्हती अशा घरांतूनही माणसं आजारी पडली होती. पण काशीरामची बायको सखूबाई उंबऱ्यात बसून रडता रडता एकच वाक्य बोलत राहिली, "भामीकडचा बांगडा खाऊन आला नि उठलाच नाय." ते वाक्य बाजारभर फिरलं.

भामा मयताला निघाली, तर सखूबाईच्या भावाने तिला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "तू फुडं येव नको."

दवाखान्यातले कंपाउंडर सॅम्युअल गल्लीतल्या लोकांना समजावत होते. "अहो, वखारीमागच्या विहिरीचं पाणी खराब आहे. वरच्या आळीत चार घरं आजारी आहेत, त्यांनी काय बांगडा खाल्ला?" लोक ऐकून घेत, माना हलवत आणि समोरच्या भजीवाल्याकडे जाऊन बसत. येताजाता भामाला विचारतही, "काय भामाबाय, बरी हायस ना?" पण तिच्यापुढे मांडी कोणी घातली नाही. ती रोज मासळी तळायची आणि भर दुपारी, सगळे बघत असताना, आपणच खायची. लोक बघायचे आणि पुढे जायचे.

खरी गोष्ट अशी की तिची तिलाच खात्री वाटेना. करंजा बंदरावरून आलेली त्या दिवशीची मासळी उशिरा पोचली होती, एवढं पक्कं आठवत होतं. तिने कल्ला उचलून बघितला होता. तो ताज्या मासळीसारखा लाल होता की तपकिरी? आठवायला जावं तसा तो कल्ला रंग बदलत होता.

पाऊस सरल्यावर तिने तवा गोणपाटात गुंडाळला आणि मोरा बंदरातून लाँच धरून मुंबईला भावाकडे गेली.

धाकटा बळीराम गोदीच्या फाटकाबाहेर हातगाडी लावायचा. तिथला बाजार बघून भामाला आधी चक्करच आली. भजीवाले, उसळ-पाववाले, कबाब भाजणारे, फळ्या टाकून सरबत विकणारे, सगळे एकमेकांच्या कोपराला कोपर लावून उभे. भोंगा झाला की माणसांचा लोंढा फाटकातून सुटायचा. बसायला कोणाला सवड नव्हती. रद्दीच्या कागदावर पाव-मासळी घ्यायची, उभ्याउभ्या गिळायची आणि कागद पायाशी टाकून निघायचं. खाणाऱ्याची नजर फाटकाकडे असायची. रांधणाऱ्याचं तोंड कोणी बघत नव्हतं.

पहिले काही दिवस भामाला हे फार बरं वाटलं. इथे काशीराम कोणाला माहीत नव्हता. तिने तळलेला तुकडा लोक मागे-पुढे न बघता तोंडात टाकत होते. गाव सुटल्यापासून पहिल्यांदा तिला शांत झोप लागली.

मग तिच्या लक्षात आलं, की उरलेली मासळी बळीराम टाकत नाही. लिंबू नि हळद चोळून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त मिरची लावून पुन्हा तव्यावर सोडतो.

"बळ्या, ही कालची हाय," ती म्हणाली.

"तेल कडक तापव, काय व्हत नाय."

"कोणाला बाधली म्हंजे?"

बळीराम हसला. "बाय, हा पनवेलचा नाका नाय. आज खाल्लेला मानूस उद्या हितं येल का, ते त्यालाच ठाव नाय."

भामा भावाच्या खोलीत राहत होती, त्याच्या पोरांच्या ताटात जेवत होती. ती तेल कडक तापवू लागली.

एका दुपारी निळ्या सदऱ्यातला एक माणूस आला. तोंडावर देवीचे वण, हातावर तेलाचे काळे डाग. आदल्या दिवशीही तो आला होता आणि "मावशी, कडक कर जरा," म्हणाला होता, म्हणून तिला तो ओळखू आला. तिने त्याला बांगड्याचा तुकडा दिला. तो कालचा होता. तळताना त्याचा वास तिच्या नाकात गेला होता आणि तरी तिने तो पावात घातला होता. त्याने खाऊन बोटं चाटली आणि गेला.

भोंगा व्हायच्या आत तो परत आला. दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिला, तोंड लालभडक झालेलं. गाडीच्या चाकाशीच भडाभडा ओकला आणि गुडघ्यावर बसला. आजूबाजूचे गाडीवाले वळून बघायला लागले. बळीरामने क्षणभर बघितलं आणि निखारे गटारात लोटले.

"चल, बाय. गाडी ढकल."

"आरं, पानी तरी दे त्याला..."

"ढकल म्हनतो ना! पोलीस आला तं माजी पोरं काय खातील?"

भामाने गाडी ढकलली. स्वतःच्या दोन्ही हातांनी, जोर लावून ढकलली. वळणावर मागे बघितलं, तेव्हा कोणीतरी त्या माणसाला बगलेत धरून भिंतीच्या सावलीत ओढत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी गोदीच्या दुसऱ्या फाटकाबाहेर उभी होती आणि गिऱ्हाईक तितकंच होतं. कोणी काही विचारलं नाही. भामा वाट बघत राहिली, की आता कोणी येईल, बोट दाखवील, ओरडेल. कोणी आलं नाही. पनवेलला आळ सोसवेना म्हणून ती पळाली होती. इथे तो कोणी घेईना म्हणून तिला धड उभं राहवेना.

तवा तसाच टाकून ती जुन्या जागी गेली. सरबतवाला म्हणाला, "त्याला गाडीत घालून सरकारी इस्पितळात नेलं." वाट विचारत ती इस्पितळात पोचली. तिथल्या वॉर्डबॉयने विचारलं, "पेशंटचं नाव काय?"

"नाव नाय ठाव. निळा सदरा हाय. तोंडावर वण हायत."

तो तिला एका लांब व्हरांड्यातून घेऊन गेला आणि दार ढकलून बाजूला झाला. चादर छातीपर्यंतच होती. निळा सदरा काढून टाकला होता, पण वण तेच होते.

"सकाळीच गेला. खिशात काहीच सापडलं नाही. तुमचा कोण?"

भामाने त्या वणांकडे बघितलं. मग म्हणाली, "गिऱ्हाईक."

"म्हणजे कोणीच नाही," वॉर्डबॉय म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. "कोणी आलं नाही तर म्युनिसिपालटीची गाडी नेईल. तुम्ही जा आता."

तिने बळीरामला जाऊन सांगितलं. तो विडी न पेटवता हातात धरून बसला. मग म्हणाला, "आता काय करू? फाशी घेऊ?" त्याची धाकटी पोर तिच्या मांडीवर झोपली होती. तिला हळूच खाली ठेवून भामाने आपलं बोचकं बांधलं.

पनवेलच्या नाक्यावर ती पुन्हा बसली नाही. पळस्प्याला, गोव्याचा रस्ता फुटतो तिथे, झावळ्यांचा मांडव घालून तिने चूल मांडली. ट्रकवाले थांबायचे. मासळी उरली तर दिवस मावळायच्या आत खड्डा करून पुरायची, कुत्र्यालाही घालायची नाही. आणि जेवायला बसणाऱ्या प्रत्येकाला आधी नाव विचारायची, गाव विचारायची. ट्रकवाले हसायचे. "काय मावशी, सोयरीक जमवतेस काय?" ती नाव ऐकल्याशिवाय पान वाढायची नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा सॅम्युअल कंपाउंडर पेणच्या एस.टी.साठी तिथे उतरले. तिला बघून मांडवात आले.

"भामाबाई, बरं झालं भेटलात. वखारीमागची विहीर बुजवली. परत साथ आली, तेव्हा पाणी तपासायला नेलं होतं. सगळ्यांना पटलं आता. सखूबाईसुद्धा म्हणाली, की उगाच त्या बाईचं नाव घेतलं. या परत नाक्यावर."

भामाने पदराने घाम पुसला. सखूबाईला एकवार बघून यावं असं तिला वाटलं, पण ते ती बोलली नाही.

"नको, भाऊ."

"अहो, पण तुमचा दोष नव्हता."

"काशीरामदादाचं व्हय. त्याचं तुमी बोलता तसंच आसल." ती चुलीकडे बघत होती. "पन दुसरा एक हाय. त्याचं मना पक्कं ठाव हाय."

"दुसरा कोण?" सॅम्युअलनी विचारलं. "पनवेलचा का?"

भामाने तोंड उघडलं. पण सांगायला तिच्याजवळ नाव नव्हतं, गाव नव्हतं. तेवढ्यात एस.टी. आली, माणसं दाराशी धावली आणि सॅम्युअल पिशवी सावरत, मागे वळून बघत, गर्दीत शिरले. भामा चुलीशी बसली. तव्यावरची भाकरी एका बाजूने जळाली होती. तिने ती उलथून बाजूला टाकली आणि दुसरी थापायला घेतली.