दोन बाजूंच्या काळ्या पट्ट्या

टीव्हीच्या बाबतीत आमच्या घराण्यात माझ्यापुढे कुणाचं चालत नाही. बंगळुरात, बनशंकरीतल्या शोरूममध्ये टीव्ही विकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे रघुनंदनचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला, "अक्का, नव्या टीव्हीत काहीतरी बिघाड आहे, शनिवारी सकाळीच येतेस का?" तेव्हा मला नवल वाटलं नाही. शनिवारी त्याच्या लग्नाचा वाढदिवस होता. संध्याकाळी नेसायला बरी साडी पिशवीत टाकली आणि सर्जापूर रोडची बस धरली.

फ्लॅट छान होता, नाही कशाला म्हणू. टीव्ही पासष्ट इंची, फोर-के, अर्धी भिंत व्यापून बसलेला. स्मृतीने, माझ्या भावजयीने, कॉफी दिली.

"संध्याकाळी ऑफिसची चार माणसं येतायत," रघू म्हणाला. "त्यांना लग्नाचा व्हिडिओ दाखवायचाय. फोनवर बघितला तेव्हा ठीक होता. इथे लावला तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. एवढा टीव्ही घेऊन काय उपयोग?"

पट्ट्या दिसल्या की गिऱ्हाईक टीव्हीला शिव्या घालतं, आणि टीव्ही बिचारा निर्दोष असतो. आजचा पडदा सोळास नऊ या प्रमाणात, म्हणजे रुंद. जुनं चित्र चारास तीन, जवळजवळ चौकोनी. ते रुंद पडद्यावर लावलं की बाजू रिकाम्या राहणारच. ओढून भरलं तर माणसं जाडी होतात, झूम केलं तर डोकी नि पाय उडतात. फोर-केचाही त्यात उपयोग नाही. त्यात चित्राचे ठिपके वाढतात, माणसं वाढत नाहीत. ही टेप मी काउंटरवर रोज वाजवलीय.

पण रघूचं लग्न काही जुन्या काळातलं नव्हतं. बारा वर्षं झाली फार तर. कॅमेरावाला मीच ठरवला होता आणि त्याला दम भरला होता, की फुल एचडीत रुंद चित्र घे, पुढे सगळे टीव्ही असेच येणार आहेत. मग पट्ट्या आल्या कुठून? मी फाइलची माहिती उघडली. फुल एचडीचे ठिपके आडवे एकोणीसशे वीस असतात, उभे एक हजार ऐंशी. इथे उभे तेवढेच होते, आडवे चौदाशे चाळीस. म्हणजे कुणीतरी बसून दोन्ही कडा कापल्या होत्या.

मी मंगलाष्टकांचा भाग लावला. आमच्याकडे नवऱ्यामागे त्याची बहीण करवली म्हणून दिवा घेऊन उभी राहते, नवरीमागे नवरीची. मध्ये अंतरपाट. म्हणजे रुंद चित्रात रघूमागे मी एका टोकाला आणि स्मृतीमागे तिची बहीण सिद्धी दुसऱ्या टोकाला. आता सिद्धी अख्खी गायब होती. माझा फक्त हात होता, हिरव्या बांगड्या नि दिव्याचं ताट. मनगटाच्या पुढे मी नव्हतेच.

"रघू, हे कुणी कापलं?"

तो स्मृतीकडे बघायला लागला. मग म्हणाला, "स्टुडिओत दिला होता. त्यांना म्हटलं, अक्का दिसायला नको. तुझ्यासाठीच गं. सुशांतभावोजींच्या बरोबर स्वतःला बघून तुला उगाच त्रास."

"मूळ व्हिडिओ कुठाय?"

"त्यांनी ठेवला नाही. मीही नाही."

सुशांत म्हणजे माझा नवरा. होता. दुसऱ्या बाईसाठी मला सोडून गेला त्याला तीन वर्षं झाली. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरंच वाटलं. भावाला माझी काळजी आहे म्हणून. मग मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. अंतरपाटाचं एक टोक सुशांतच्या हातात होतं. अगदी मधोमध, स्वच्छ, हसत उभा. त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

"संध्याकाळी कोण कोण येतंय रे?"

कपबशा उचलता उचलता स्मृतीच म्हणाली, "सुशांतसर आणि त्यांची आसावरी. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या ऑफिसात आता तेच यांचे मॅनेजर आहेत, अक्का. आसावरीला व्हिडिओत तुम्हाला बघून अवघडल्यासारखं होईल, म्हणून..."

सर. कोर्टाबाहेर माझी पिशवी हातात घेऊन याच रघूने सांगितलं होतं, अक्का, त्या माणसाचं मी तोंड बघणार नाही. आई गेल्यावर याला मी लहानाचा मोठा केला. घटस्फोटात माणसं जातात, ते मी गिळलं होतं. पण हा माझा म्हणून एकच उरला होता, आणि त्यानेच पैसे मोजून मला पुसून टाकलं होतं. मी रडले नाही. राग इतका आला होता की रडणं सुचलंच नाही.

"ऐक," मी म्हटलं. "टीव्हीत काही बिघाड नाही. तू मला काढायला सांगितलंस, त्यांनी दोन्ही बाजू कापल्या, म्हणून या पट्ट्या आल्या. जिथे मी उभी होते तिथे आता काळं दिसतंय. कुठलंही बटण दाबलंस तरी तिथे काही येणार नाही."

रघूने पट्ट्यांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी मला अक्का म्हणेल आणि जवळ येईल. अक्का म्हणाला तो. लहानपणी काही हवं असलं की काढायचा तोच मऊ आवाज.

"सरी, ठीक आहे, मग स्वल्प ओढूनच भर ना, अक्का. थोडे जाड दिसू, चालेल." त्याने घड्याळाकडे बघितलं. "आणि तुला पाचच्या आतली बस मिळेल ना?"