अस्तरावरचा आकडा

स्टिकरचा उजवा कोपरा उचललेला होता. फार नाही, नखभर. मावशीनं त्याखाली नख घातलं, काढलं, पुन्हा घातलं... पिवळा कागद, त्यावर सुनेच्या हातचं ठसठशीत अक्षर — कार्डावर दोन टक्के जादा — आणि तो चिकटवलेला कार्डाचे पैसे घेणाऱ्या त्या काळ्या डबीवर, जी हातात धरली तर साबणाच्या वडीएवढी, पण खाते मात्र म्हशीसारखी. ओढला तर एका झटक्यात निघेल. पण ओढायचा नाही. काल ठरलं ते ठरलं. ठरलं म्हणजे काय, तर सून बोलली आणि मावशी गप्प बसली. आणि मावशी गप्प बसली हे गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर त्यानं आधी तिला ताप आहे का ते विचारलं असतं.

नख काढून घेतलं तिनं.

समोर दांडीवर चौदा कोट टांगलेले. लाल, पितळी बटणांचे, बँडवाल्यांचे. बँडमास्तर आठवड्यापूर्वी घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, मावशी, बँड जुना झाला नाही, नुसता जाड झालाय. तेव्हा तिनं एकच कोट उलटा केला, बाजूच्या शिवणीत बोट घालून माया, आत दुमडलेलं जादा कापड, किती आहे ते पाहिलं आणि बोलून मोकळी झाली — एकाचे साडेचारशे. मग चौदाही कोटांच्या अस्तरावर, आतल्या खिशाखाली, खडूनं घातले चारशे पन्नास. बाकीचे तेरा उघडून बघायचं तिच्या डोक्यात आलं नाही. तो मोठा भोंगा वाजवणारा, त्याच्या कोटाला माया नव्हतीच, सगळी आधीच कुणीतरी सोडून खाल्लेली. दोन्ही बाजूंनी पट्ट्या घालाव्या लागल्या, आणि तो लाल रंग जुळवायला तीन दुकानं पालथी घातली. तरी आकडा तोच. कपडा हातात घेताना जो आकडा पडला तो पडला, मग आतून उंदीर निघो नाहीतर साप. आकडा पहिल्या धुण्यात जातो. टीप राहते. एकतीस वर्षं तिच्या टिपेनं मान खाली घातली नाही, आणि आकड्यानंही.

एकदा सोडून.

ते एकदा आठवलं की अजून कान तापतात. नवी नवरी होती ती, या दुकानात पाय ठेवून चार महिने झाले असतील. कुणाचासा झगा, चाळीस सांगितलेले, आणि उसवल्यावर कळलं की काम दुप्पट आहे... तिनं अंगठ्यानं चाळीस पुसले आणि साठ लिहिले, बाईनं मुकाट दिलेही. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी चपला घातल्या, हिचं मनगट धरलं आणि भर दुपारी त्या बाईच्या दारात नेऊन उभी केली, वीस परत द्यायला. येताना वाटेत एवढंच म्हणाल्या, “आपला अंगठा खाली जातो. वर जात नाही.” खाली जायचा मात्र सासूबाईंचा अंगठा, सारखा जायचा. समोरच्याची चप्पल बघायच्या, हातातली पिशवी बघायच्या, आणि ऐंशीचे पन्नास कधी झाले ते त्या माणसाला कळायचंही नाही.

आणि आता ही डबी. ही डबी वरच जाते.

सुनेचं चूक आहे असंही म्हणता येईना, तिथंच तर घोडं अडलं होतं. ऑफिसात नोकरी केलेली पोरगी. गेल्या महिन्यात दोऱ्याला आणि चेनींना मिळून जेवढे गेले तेवढे या डबीनं कापून घेतले, हे तिनं कागदावर मांडून दाखवलं. मावशी म्हणाली, मग सगळ्यांचेच वाढव थोडे, मिटलं. तर सून म्हणाली, “आई, ती जिने झाडणारी बाई रुमालात सुटे बांधून आणते. मास्तरांच्या कार्डाचं तिनं का भरायचं?”

यावर मावशी उठली आणि मशीनला तेल घातलं. सकाळीच घातलं होतं, पुन्हा घातलं. कुठून आणलं हे हिनं? ऑफिसात असलं शिकवत नाहीत. छाती भरून आली, पण तोंडावर कौतुक करायची तर या घरात पद्धतच नाही. मुलगा तिथंच दुकानात ताट घेऊन बसला होता, नुसती भाकरी मोडत होता. तो दोघींच्या मधे पडत नाही. शहाणा आहे, बापावर गेला नाही.

पण मास्तर आज येणार. बँडच्या कमिटीचं कार्ड घेऊन येणार. शब्द गेल्या आठवड्यातला, स्टिकर कालचा. मी साडेचारशे बोलले आणि डबी बोलणार चारशे एकोणसाठ... आणि गिऱ्हाइकासमोर, पहिल्याच दिवशी, सुनेचा स्टिकर खोटा पाडायचा? तेही जमणार नाही. सून यायला अजून तास होता. मावशीनं खडू घेतला, पहिला कोट उलटा केला आणि अंगठा अस्तरावर टेकवला. साडेचारशेवर दोन टक्के म्हणजे नऊ. नऊ वजा. चारशे एक्केचाळीस. डबीनं वर चढवले की बरोबर साडेचारशेवर येतील. शब्द राहिला, स्टिकर राहिला, आणि अंगठाही खालीच गेला. चौदा वेळा गेला. शेवटी भोंगेवाल्याचा कोट टांगताना ती स्वतःशीच हसली. शाळा चौथीत सुटली, पण डोकं नाही सुटलं.

मास्तर आला तो अकराला, शीळ घालत. सून तेव्हा येऊन टेबलाशी बसली होती. एकेक कोट उजेडात धरून बघितला त्यानं. भोंगेवाल्याच्या कोटाच्या पट्ट्या त्याला शोधूनही सापडेनात तेव्हा मावशीनंच बोट ठेवून दाखवल्या, ठेवू नये असं ठरवलं असताना ठेवलं.

“मावशी, हा आता बसूनसुद्धा वाजवेल.”

“वाजवू दे. फक्त जेवून वाजवायचं नाही म्हणावं.”

मग तो टेबलाकडे वळला, कार्ड काढलं, आणि स्टिकर वाचला. मावशीनं सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा आधीच ओवलेला होता.

“हे जादा म्हणजे?”

“ते तुम्हाला नाही,” सून म्हणाली. “तुमचे कोट आधी आले. आईंनी आकडा घातलाय, त्यावर मी काही चढवत नाही.”

सुई तशीच राहिली हातात. रात्रीतून हिनं हे ठरवलं... कुणी सांगितलं हिला? कुणीच नाही. मावशीला एकदम सासूबाईंच्या चपलांचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं, भर दुपारच्या रस्त्यावरचा, आणि मनगटावरची ती पकड. आणि त्याच क्षणाला दुसरंही ध्यानात आलं, की आपण सकाळी तासभर बसून काय घोळ घालून ठेवलाय.

सून कोट उलटा करून बघत होती. “चारशे एक्केचाळीस... चौदा... सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर.”

“नाही हो,” मास्तर म्हणाला, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. “चौदा साडेचारशे. सहा हजार तीनशे. कमिटीला हेच सांगून आलोय.”

सुनेनं दुसरा कोट उलटा केला, तिसरा. आकड्यांभोवती सगळीकडे पांढरा धूर पसरल्यासारखं पुसलेलं. तिनं मान वर करून मावशीकडे पाहिलं. फार वेळ नाही.

“लिहिलंय तेच घे,” मावशी म्हणाली. आवाज उगाच चढला. “खडूचं ते खरं.”

“आणि तोंडचं?” मास्तर म्हणाला. “मावशी, तुम्ही साडेचारशे म्हणालात हे चौदा जणांना माहीत आहे. कमी देऊन गेलो तर भोंगेवाला मला विचारेल, तुझा मावशीवर विश्वास नाही का म्हणून.”

सुनेनं डबीवर सहा हजार तीनशे मारले. मास्तरनं कार्ड टेकवलं, डबी टुक् झाली. कोट दोन्ही खांद्यांवर टाकून, दाराच्या चौकटीतून तिरका होऊन तो गेला, आणि त्याची शीळ कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिली.

एकतीस वर्षांत दुसऱ्यांदा या दुकानात खडूचा आकडा वर गेला. मावशी वाट बघत होती, कान तापायची. हात लावून पाहिला. गारच होते.

“आई,” सून डबीतून निघालेली चिठ्ठी टाचणीला लावत म्हणाली, “गणितही चुकलंय तुमचं. एक्केचाळीसवर दोन टक्के चढवले तर साडेचारशे पुरते भरत नाहीत. कोटामागे चिल्लर कमी पडते.”

“चौदा कोट होते. चिल्लर बँडला बक्षीस.”

“हं.” मग तिच्याकडे न बघता, “चूक माझी आहे. स्टिकर डबीवर लावून उपयोग नाही, लोकांना तो पैसे देतानाच दिसतो. कपडा हातात घेताना सांगायला हवं. रोख एवढे, कार्डानं एवढे. आणि कपडा तुम्ही घेता हातात.”

मावशीनं खडू बोटांत फिरवला. एका अस्तरावर दोन आकडे. सासूबाई असत्या तर... सासूबाई असत्या तर काय, हे तिला नेहमी लगेच कळायचं. आज कळेना. त्या हसल्या असत्या असंही वाटलं, आणि चपला घातल्या असत्या असंही.

दारात पहारेकरी येऊन उभा राहिला, समोरच्या इमारतीचा, हातात घडी केलेली पँट. “मावशी, कंबर ढिली झालीय हो. नवीन साहेबानं दोन-दोन पाळ्या लावल्यात. किती होतील?”

तिनं पँट घेतली. कमरेची पट्टी उलटी केली. कापड बरं होतं, शिवण मात्र कुणीतरी घाईत मारलेली. तिनं त्याच्या बुटांकडे पाहिलं, सवयीनं. मग खडूनं लिहिलं, एकशेवीस, आणि खडू उचलला नाही. आकड्याशेजारी बोटभर जागा उरली होती. पलीकडे सून कात्रीला धार आहे का ते बघत होती, इतक्या मन लावून की ती ऐकत होती हे आंधळ्यालाही कळलं असतं.

“एकशेवीस,” मावशी म्हणाली. पुढचं, कार्डाचं वाक्य घशातून वर आलं, जिभेवर बसलं, तिथंच थांबलं. अंगठा पांढरा होता. पहारेकरी वाट बघत होता. वाक्य अजून फुटत नव्हतं — पण ते गिळावंसं काही वाटलं नाही.