पितांबर सरांनी पाहिलेला गोल

“सर, या बूटमा माले बॉल समजत नही,” म्हणत निंबाने बूट काढून रेषेबाहेर ठेवले.

धुळ्याच्या मैदानावर सामना सुरू होत होता. साल पंचावन्न. पितांबर सरांनी ते बूट उचलून बाजूला ठेवले. जळगावच्या कॉलेजात ते नऊ वर्षं फुटबॉल शिकवत होते. त्याआधी पलटणीच्या संघात होते, बहुतेक वेळा राखीव. आपल्यात उपजत काही नाही, हे त्यांना विशीतच कळलं होतं. जे आलं ते घोटून आलं.

निंबा शिरपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. संघात येऊन त्याला जेमतेम दीड महिना झाला होता.

धुळ्याचा झुलाल मुरलेला बचावपटू. निंबा धावला की तो नेमका दोन पावलं पुढे सरके. निंबा त्याच्या पाठीमागे एकटा उरे आणि बॉल सुटण्याआधीच बचाव ओलांडला म्हणून पंच ऑफसाइडची शिट्टी फुंके. सहा वेळा असंच झालं. मध्यंतराला जळगाव एका गोलने मागे.

“नुसती चपळाई काय कामाची, सर?” कप्तान रुपचंद वैतागला. “त्याला खेळच कळत नाही.”

सरांनी निंबाला बाजूला घेतलं. “झुलाल पुढे सरकण्याआधी उजवा खांदा पाडतो. खांदा पडला की तूही त्याच्याबरोबर मागे ये. रुपचंदने बॉल मारला की मगच पळ.”

“बस, इतलंच?”

“इतकंच. मला हे कळायला वीस वर्षं लागली.”

शेवटची दहा मिनिटं उरली असताना झुलालचा खांदा पडला. निंबा मागे आला. रुपचंदने बॉल उंच मारला आणि निंबा सुटला. गोलरक्षक अंगावर धावून आला. बॉल अडव, बघ, मग मार, असं सर शिकवत. निंबाने यातलं काहीच केलं नाही. डोक्यावरून येणारा बॉल त्याच्या अनवाणी पायावर आवाज न करता उतरला, तिथूनच गोलरक्षकाच्या डोक्यावरून पलीकडे गेला, आणि निंबा गोलरक्षकाला वळसा घालून त्याच्याआधी बॉलपाशी पोचला. जाळी हलली तेव्हा धुळ्याची माणसंही उभी राहिली होती.

“हाई कोनी शिकाडं तुले?” झुलालने कमरेवर हात ठेवून विचारलं.

निंबाने सरांकडे बोट दाखवलं. सरांनी नकारार्थी मान हलवली.

सामना बरोबरीत सुटला. संध्याकाळी पोरं मोटारीत बसली, तरी सर आले नव्हते. रुपचंद बघायला गेला. रिकाम्या मैदानावर सर बॉल उंच उडवून पायावर झेलू पाहत होते. बॉल लांब घरंगळला. ते सावकाश चालत गेले, तो घेऊन आले आणि पुन्हा उडवला.

रुपचंद तसाच परतला.

“थोडं थांबा,” तो ड्रायव्हरला म्हणाला. “सरांची प्रॅक्टिस चालू आहे.”