वाटणीत धाकटीकडे गेलेली रवी

मी रवी बोलतेय. लाकडाची, माणसाच्या छातीएवढी उंच, पायाशी चार पाकळ्यांचं फूल. मातीच्या मोठ्या डेऱ्यात मला उभी करायची, कमरेला दोर गुंडाळायचा आणि दोन टोकं दोघींनी आळीपाळीने ओढायची. मी गरगरते, लोणी वर येतं आणि कौतुक भलत्याचंच होतं.

माझं घर दूधवाल्यांचं. दोघे भाऊ दूध घालायला जात आणि दोघी जावा मला ओढत. थोरली तोंडाने फटकळ, धाकटी सगळं मनात ठेवणारी. तरी गट्टी अशी, की गप्पांच्या नादात एकदा लोणी येऊन गेलं तरी दोघी ओढतच होत्या.

एके दिवशी बेकरीवाला लोणी न्यायला आला आणि बोलून गेला, "धाकट्या वहिनींच्या हाताचं लोणी काय मऊ असतं!"

अहो, डेरा एक, दोर एक, लोणी एक! पण थोरलीचा चेहरा पडला तो पडलाच. दुसऱ्या दिवसापासून दोघी माझ्याशीच बोलू लागल्या.

"रवीबाई, सांगा कुणाला तरी, दोर घट्ट धरा म्हणावं."

"रवीबाई, आमचे हात मऊ आहेत. धसमुसळेपणा नाही जमत."

मला तोंड असतं तर दोघींना सुनावलं असतं. अबोला वाढत गेला आणि शेवटी घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. भाऊ आपले किटल्या उचलून दूध घालायला निघून गेले. डेरा थोरलीकडे गेला, मी धाकटीकडे आले. याला म्हणे समान वाटणी!

थोरली डेऱ्यात पळी ढवळत बसली. धाकटीने मला बादलीत उभं केलं. मी बादलीसकट आडवी झाले. फरशीभर ताक, लोण्याचा पत्ता नाही. बेकरीवाला दोन्ही दारांतून रिकाम्या हाताने परतला. "उद्याही नसेल तर मी दुसरीकडे बघतो," म्हणाला.

दुपारी भिंतीपलीकडून पळीची खडखड ऐकू येत होती. मग ती थांबली आणि थोरलीचं मुसमुसणं ऐकू आलं. धाकटी तडक उठली, मला खांद्यावर टाकलं आणि थोरलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"डेरा भरलाय का?"

"भरलाय. साय आंबट होत चाललीय."

"मग?"

"मग काय! दारात उभी राहून लोणी येणार आहे का? आत ये."

उकाडा होता, लोणी काही केल्या धरेना. थोरलीने गार पाणी ओतलं, धाकटीने दोर आवळला. हळूहळू मी जड झाले, पाकळ्यांना कण चिकटू लागले. पहिला गोळा निघाला तसा थोरलीने तो धाकटीच्या तळहातावर ठेवला.

"घे, मऊ हातवाली!"

धाकटीने त्यातला अर्धा सरळ तिच्या तोंडात कोंबला. दोघी हसता हसता रडायला लागल्या.

भिंत पडली. पुढे थोरलीचा खांदा दुखू लागला आणि लोणी काढायचं यंत्र आलं. आता मी खुंटीवर असते. यंत्र एवढं घरघरतं, की दोघी शेजारी बसून एकमेकींच्या कानात ओरडतात. गुपितंसुद्धा! गल्ली ऐकते, मीही ऐकते.

मला ना रंग हवा, ना दिवाणखान्यातली जागा. फक्त वाळवीपासून तेवढं जपा. या दोघींचं अजून पुष्कळ ऐकायचं राहिलंय.